ओरिएंटिअरिंगची लाँग रेस: लांब लेग उलटा वाचा

ओरिएंटिअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातल्या ठरलेल्या जागा, म्हणजे कंट्रोल, क्रमाने शोधत पळायची शर्यत. दोन कंट्रोलमधला टप्पा म्हणजे लेग, आणि लाँग हा तिचा लांब पल्ल्याचा प्रकार. या लाँग रेसबद्दल नेटवर जे सल्ले सापडतात त्यातले निम्मे 'स्टॅमिना वाढवा' आणि 'होकायंत्र वापरायला शिका' इथेच संपतात. अहो, ते येत नसेल तर लाँगला नाव कोण देतंय? मी लिहितोय ते स्वीडनच्या जंगलाबद्दल, कारण मी पळतो इथेच, आणि इथे वीकेंडच्या बऱ्याच लोकल स्पर्धांत ऐनवेळी जाऊनसुद्धा ओपन क्लासमध्ये (कुणालाही खुल्या गटात) नाव देता येतं. कोर्सना रंग असतात, हिरवा-पांढरा-पिवळा सोपे, निळा-काळा अवघड. पिवळा-नारिंगी न अडखळता जमायला लागले की मगच लांब निळ्याकडे बघा.

सामानात पूर्ण पाय झाकणारी पँट, शिट्टी, अंगठ्यात अडकवायचं होकायंत्र, बोटाला चिप (कंट्रोलला ती लावून नोंद करायची, यालाच पंच म्हणतात). एनर्जी जेल खिशात ठेवा, कारण वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या लाँगमध्ये जिंकणाऱ्या पुरुषालाच साधारण 90 ते 100 मिनिटं लागतात, तुमचा कोर्स छोटा असला तरी तुम्ही काही त्या वेगाने पळणार नाही. स्टार्टला चिप क्लिअर-चेक करा (जुनी नोंद पुसली गेली ना ते बघा), नकाशा उचला, उत्तरेला जुळवा, निघा.

आता सह्याद्रीतून आलेल्यांसाठी एक गोष्ट. आपली सवय काय, तर समोर सुळका किंवा किल्ला दिसतो, त्यावर नजर ठेवायची आणि पायाखालची वाट धरायची. इथे सुळकाबिळका काही नाही. बर्फाने घासून काढलेल्या ग्रॅनाइटच्या बुटक्या टेकड्या, त्यांच्यामध्ये दलदल, आणि चहूकडे सारखीच दिसणारी पाइन-स्प्रूसची झाडी. आपल्या 1:50000 च्या टोपोशीटवर (सरकारी नकाशावर) कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, 20 मीटरला असतात, इथे लाँगचा नकाशा 1:15000 चा आणि कंटूर बहुतेक वेळा 5 मीटरला, म्हणजे टोपोशीटवर जी टेकडी दिसलीच नसती तीच इथे तुमची खूण. एक बरंय, नकाशावरच्या उत्तर रेघा चुंबकीय उत्तरेच्याच असतात, त्यामुळे होकायंत्राच्या फरकाची आकडेमोड नाही.

मुख्य विषय आहे लांब लेग. लाँगमध्ये कोर्स आखणारा माणूस एक-दोन लेग मुद्दाम दोन किलोमीटर किंवा त्याहून लांब ठेवतो, रेस तिथेच ठरते, आणि मीही वर्षानुवर्षं तिथेच मार खाल्लाय. नवखा माणूस काय करतो, कंट्रोल पंच केला की आपण उभे आहोत तिथून बघायला लागतो, डावीकडे रस्ता दिसला, चला पळा, पुढचं पुढे बघू. हे 'पुढचं पुढे' महागात पडतं. लेग शेवटापासून सुरुवातीकडे वाचायचा. आधी पुढच्या कंट्रोलचं गोल बघा, मग त्याच्या शेजारी डोळे झाकून सापडेल अशी मोठी खूण शोधा, दलदलीचं टोक, रस्त्याचं वळण, शेताचा कोपरा. याला अटॅक पॉइंट म्हणतात. गावात नवख्या माणसाला घर सांगताना आपण आधी मारुतीच्या देवळापर्यंत ये म्हणतो आणि तिथून पुढची गल्ली सांगतो ना, तसंच. तो मिळाला की मगच तिथपर्यंत यायचे रस्ते बघा, आणि सगळ्यात शेवटी आत्ता इथून बाहेर कसं पडायचं ते.

एक उदाहरण घेऊ. नकाशावर 14 सेंमीचा लेग, म्हणजे सरळ गेलात तर 2.1 किमी. मध्ये दोन दलदली, थोडं हिरवं (हिरवं म्हणजे दाट झाडी, पांढरं म्हणजे पळता येणारं जंगल), आणि 70 मीटर चढ. डावीकडून जंगलरस्त्याने एकूण 2.7 किमी, त्यातले 1.9 रस्त्यावर, चढ 30 मीटर. तुम्ही जंगलात किलोमीटरला 8 मिनिटं आणि रस्त्यावर साडेपाच घेत असाल तर पळण्याचा वेळ दोन्हीकडे जवळपास सारखाच, पावणेसतरा मिनिटं. पण मीटरभर चढ म्हणजे साधारण दहा मीटर सपाट धरतात, सरळ वाटेवर 40 मीटर चढ जास्त, म्हणजे दोन मिनिटांच्या वर तिथेच गेली. आणि रस्त्यावरून जाताना डोकं मोकळं असतं, त्या वेळात शेवटचा टप्पा नीट वाचून होतो, जेल खाऊन होतं. हा सगळा हिशेब पळता पळता दहा सेकंदांत करायचा असतो, त्यामुळे तो घरी जुन्या नकाशांवर करून बघा, रेसमध्ये पहिल्यांदा नाही.

'जी वाट सरळ ती खरी, धाडस करा' असं म्हणणारे पळणारे भेटतील. ते लहानपणापासून या जंगलात वाढलेत, तुम्ही नाही.

अटॅक पॉइंटपर्यंत दामटा, तिथे पोचलात की वेग सोडा. शेवटचे 150 मीटर होकायंत्र धरून, पावलं मोजत, हवं तर चालत. वर्णनपत्रिका (कंट्रोल नेमका कशाजवळ आहे ते सांगणारा कागद) आत्ता वाचा: दगड, 1.5 मीटर, उत्तर बाजू. म्हणजे दक्षिणेकडून आलात तर कंट्रोलचा झेंडा दगडाआड आहे, दिसणारच नाही. शेजारी तशीच टेकडी आणि तसाच दगड असतो, म्हणून पंच करण्याआधी कंट्रोलवरचा कोड नंबर पत्रिकेशी जुळतो का बघा. झेंडा मिनिटभरात नाही दिसला तर तिथेच गोल गोल फिरू नका, अटॅक पॉइंटला परत जा. मन म्हणतं 'इथेच असणार', त्याचं ऐकू नका. दुसऱ्या कुणाच्या मागे तर अजिबात जाऊ नका, त्याचा कोर्स वेगळाच असतो.

आणि लांब लेग संपल्यावर लगेच तीन-चार छोटे लेग येतात, हे बरेचदा मुद्दाम केलेलं असतं. पाय अजून रस्त्याच्या वेगात असतात, डोळे नकाशाच्या मोठ्या मापात, आणि दोनशे मीटरचा लेग हां हां म्हणता मागे पडतो. तिथे पहिल्या छोट्या लेगला थांबून नकाशा जुळवा, अंगठा आपण आहोत त्या जागी आणा, मग निघा. पाच सेकंद जातील, जाऊ द्या.

बाकी लेग नेहमीसारखे.

फिनिशला चिप वाचून घ्या, रेस अर्धवट सोडली असली तरीसुद्धा. न सांगता गाडीत बसून घरी गेलात तर आयोजक संध्याकाळी जंगलात तुम्हाला शोधत फिरतील, आणि हे दरवर्षी कुणीतरी करतंच. लाइव्हलॉक्सवर (पळालेली वाट नकाशावर दाखवणारी वेबसाइट) आपला जीपीएस ट्रॅक टाका, बाकीच्यांनी तोच लांब लेग कुठून केला ते बघा. आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड बघायची, आणि स्टॉकहोमच्या आसपास पळणार असाल तर टीबीईची (गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूच्या आजाराची) लस सीझनआधी घेऊन टाका, एका डोसात ती पूर्ण होत नाही.