लग्नानंतर राहिलेली दहावी कशी काढायची

मी दहावी पास झाले तेव्हा वय 38, लेक आठवीत. आता गल्लीतल्या बायका विचारतात ताई कसं केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मी एनआयओएसमधून केलं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरूनही बाहेरून दहावी देता येते, पण मला गणिताची धास्ती होती आणि एनआयओएसमध्ये गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही. पाच विषय लागतात, त्यात निदान एक भाषा, बाकीचे आपण निवडायचे. मी मराठी, हिंदी, गृहविज्ञान, सामाजिक विज्ञान आणि डेटा एंट्री घेतले. पुढे एखादा कोर्स करायचं मनात असेल तर त्याला कोणते विषय लागतात ते मात्र आधी बघा, आणि मराठी माध्यम हवं असेल तर तुमचा विषय मराठीत आहे ना तेही.

खरी कटकट नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि माझं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं, दोन कागद शेजारी ठेवले तर कोणाला वाटेल या दोन वेगळ्या बायका आहेत. एका केंद्रावरून मला दोनदा परत पाठवलं, घरी येऊन रडले मी. तर आधी विवाह नोंदणीचा दाखला काढा, पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्या, आणि मगच फॉर्मला हात लावा. मार्कशीटवर कुठलं नाव हवंय ते तुम्ही ठरवा, घरच्यांनी नाही.

फॉर्मवर मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. नवऱ्याचा दिला की ओटीपी आला तेव्हा तो कामावर आणि आपण सायबर कॅफेत ताटकळत, असं होतं.

सगळे विषय एकदम देऊ नका. प्रवेश 5 वर्षं चालतो, 9 संधी मिळतात, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. मी पहिल्यांदा दोनच दिले, मग दोन, मग एक. सासूबाईंचं ऑपरेशन झालं ते सत्र सोडलं, तरी काही बिघडलं नाही. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचा स्वाध्याय असतो, त्याला 20 टक्के मार्क आहेत, तो अजिबात चुकवू नका. पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात.

अभ्यास मी पहाटे पाचला करायचे, नळाला पाणी यायच्या आधी, ओट्याशेजारी पाटावर बसून. वाचलेलं लक्षात राहायचं हो, पण हात चालायचा नाही, वीस वर्षांत किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलंच नव्हतं, अर्ध्या पानात बोटं आखडायची. म्हणून परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज घड्याळ लावून चार पानं लिहा, काहीही लिहा, जुनी प्रश्नपत्रिका असेल तर उत्तमच.