रब्बीच्या पाण्याचा हिशेब शेजाऱ्यांसोबत कसा मांडायचा

दसऱ्याला विहीर तुडुंब दिसली की आणखी एकरभर ऊस लावायचा मोह होतोच. बेणं आणायच्या आधी विहिरीचं माप घ्या, एवढंच माझं सांगणं.

३० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एका फुटाला साधारण २० हजार लिटर पाणी मावतं. एकरभर हरभऱ्याला ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर. दहा फूट विहीर गेली! आता संध्याकाळी मोटर बंद झाली की दोरीला दगड बांधून सोडा, दगड पाण्याला टेकला की कठड्याशी गाठ मारा. पहाटे मोटर सुरू करायच्या आत पुन्हा सोडा. रात्रीत जेवढे फूट चढले, तेवढीच तुमची रोजची आवक. पौषात आणि माघात हेच करा. आवक झपाट्याने आटते, आणि पीक तेव्हाच ऐन भरात असतं.

नफा एकरावर मोजू नका, पाण्यावर मोजा. पाटपाण्याचा ऊस वर्षाला एकरी ऐंशी लाख लिटरच्या आसपास पितो, हरभरा दहा-बारा लाखांत निघतो. मी हा हिशेब मांडला आणि ऊस सोडला. ठिबकवर कांदा आणि हरभरा घेतो. यात माझाच फायदा आहे, आणि तो सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता शेजारी. आपल्या काळ्या कातळात पाणी वरच्या मुरमात आणि फटींत असतं. एका ओढ्याकाठच्या विहिरी त्याच पाण्यावर जगतात. म्हणून सगळं गाव गोळा करत बसू नका, त्या ओढ्यावरचे सात-आठ जण पारावर बसवा. आपण काय सोडणार ते आधी सांगा, मग दुसऱ्याकडे मागा. बोअरचा विषय टाळू नका: राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल नवी विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई केली आहे. हिवरे बाजारनं तर शेतीसाठी बोअरच बंद केली, ऊस-केळीही.

वाटणी कशी करायची, हे पुरंदरमधल्या नायगावकडून शिकावं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही हक्क, आणि बारमाही उसाला पाणी नाही. मला यातलं भूमिहीनाचं कलम सगळ्यात मोलाचं वाटतं. आमच्या ओढ्यावर एवढं जमलेलं नाही, पण होळीनंतर तळाचं पाणी फक्त प्यायला आणि जनावरांना, आणि ते मजुरांच्या वस्तीलाही, हे ठरलंय आणि पाळलं जातं.

एखादा भाऊ ऐकणार नाही. त्याच्याशी भांडू नका, त्याला वाळीत तर मुळीच टाकू नका. दर सोमवारी सगळ्या विहिरींची दोरी मोजाल तेव्हा त्याचीही मोजा, आणि वही त्याच्याच हातात द्या.