‘कन्टेंड’चा अर्थ पुढच्या शब्दावर ठरतो

‘कन्टेंड’ (contend) हे इंग्रजी क्रियापद दिसलं की आधी त्याच्या पुढचा शब्द बघा. ‘दॅट’ असेल तर ठामपणे मत मांडणं, ‘फॉर’ असेल तर पदासाठी किंवा बक्षिसासाठी चुरस, ‘विथ’ असेल तर बहुधा अडचणीशी झुंज.

भाषांतरात खरी गफलत होते ती मराठी ‘दावा’मुळे. त्यासाठी इंग्रजीत सरसकट ‘क्लेम’ लिहिलं जातं, पण ‘क्लेम’मध्ये बऱ्याचदा ‘खरं-खोटं अजून ठरलेलं नाही’ अशी छटा असते. म्हणून संशोधकाने कारणं देऊन मांडलेल्या मताला ‘आर्ग्यू’ लिहा. ‘आर्ग्यू दॅट’मध्ये भांडण नसतं, ते ‘आर्ग्यू विथ’मध्ये येतं. विरोध होऊनही कुणी मतावर कायम राहिलं तर ‘मेन्टेन’. ‘अलेज’ मात्र सिद्ध न झालेल्या गैरकृत्याच्या आरोपासाठीच राखावा. निवडणूक लढवणं म्हणजे ‘कन्टेस्ट ॲन इलेक्शन’. मध्ये ‘फॉर’ घालू नका.