परमुलखातल्या देवांशी ओळख कशी करावी

झ्यूस मोठा की ओडिन? थॉर आणि इंद्र समोरासमोर आले तर कोण जिंकणार? गल्लीतली पोरं मला असलं विचारत येतात. गेममुळं आणि कार्टूनमुळं ही नावं त्यांना पाठ असतात. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि संध्याकाळी मंडळाच्या खोलीत पोरांना देवांच्या गोष्टी सांगतो, आपल्या आणि परमुलखातल्याही. माझं ठाम मत असं की कोण किती ताकदवान या प्रश्नानं कुठल्याच देवाशी ओळख होत नाही. पोरीसाठी स्थळ बघायला जाताना आपण काय विचारतो? पोरगा काम काय करतो, सोयरे कोण, घरात खाणंपिणं कसं, काही उणं आहे का. देवांच्या बाबतीतही हेच विचारावं. ज्या देवमंडळात या चार प्रश्नांना भरपूर उत्तरं मिळतात, ते आपोआप आवडायला लागतं.

सुरुवात मात्र आपल्याच देव्हाऱ्यापासून करा. आपल्या भागात हे सोपं आहे, कारण इथं प्रत्येक घराचा देव कुठल्या ना कुठल्या डोंगरावर आहे आणि त्याला दोन भाषांत हाका मारल्या जातात. मंगसुळीचा खंडोबा आपला खंडोबा, कानडी माणसाचा मैलार. चिंचलीच्या मायाक्काला माघात धनगर कुठून कुठून येतात. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि कुलदैवताची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावा. मध्ये बोलू नका. तिला गोष्टीतला कुठला भाग सांगावासा वाटतो, तेवढं नीट ऐका.

सौंदत्तीच्या यल्लम्माचंच, म्हणजे रेणुकेचंच घ्या. रेणुका रोज मलप्रभेवर जायची, ओल्या वाळूची घागर घडवायची आणि नागाची चुंबळ करून पाणी आणायची. एके दिवशी गंधर्वाची जलक्रीडा बघून मन क्षणभर हललं आणि घागर ढासळली. जमदग्नी कोपला, परशुरामानं बापाच्या शब्दाखातर आईचं डोकं उडवलं आणि मग मिळालेल्या वरात आईलाच परत मागून घेतलं. पुस्तकात गोष्ट इथं संपते, डोंगरावर ती दर वर्षी चालू राहते. मार्गशीर्षातल्या पुनवेला देवीचं अहेवपण जातं, जोगतिणी बांगड्या फोडतात, ती रांडाव पुनव. माघात अहेव पुनव येते आणि हिरव्या बांगड्या परत चढतात. बाईच्या आयुष्यात जे सगळ्यात वाईट होतं ते या देवीच्याही वाट्याला येतं, म्हणून बायका तिच्यापुढं मोकळेपणी रडतात. ‘आई उदो’ म्हणताना त्यांचा आवाज का बदलतो, हे एकदा कळलं की ग्रीसचा देव असो की आफ्रिकेचा, त्यात काय शोधायचं हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

मग बाहेर पडा. पण राजापासून सुरुवात करू नका. ग्रीकांचा झ्यूस, नॉर्स लोकांचा ओडिन, इजिप्तचा रा ही मोठी माणसं. त्यांच्या भोवती दरबार फार. कामकरी देव आधी गाठा. तुम्ही शेतकरी असाल तर शेतीचा, शिंपी असाल तर विणकामाचा. मी ग्रीकांच्या हेफेस्टसपासून सुरुवात करा म्हणतो, कारण तो लोहार आहे आणि त्याच्या कारखान्याचं वर्णन ग्रीक कवी होमरच्या इलियडमध्ये असं आहे की वाचताना भट्टीची धग लागते. काव्याचा नायक अकिलिस, त्याची आई थेटिस त्याच्याकडं मुलासाठी चिलखत मागायला जाते. तेव्हा तो घामाघूम होऊन भात्यांभोवती फिरत असतो, वीस तिपाया घडवायचं काम चाललेलं असतं आणि त्यांना सोन्याची चाकं लावलेली असतात, म्हणजे त्या आपल्या आपण देवांच्या सभेत जातील आणि परत येतील. पाहुणी आल्याचं कळताच तो काय करतो? भाते आगीपासून बाजूला घेतो, हत्यारं गोळा करून चांदीच्या पेटीत ठेवतो, स्पंजानं तोंड, हात, मान आणि केसाळ छाती पुसतो, अंगरखा घालतो, काठी घेतो आणि लंगडत बाहेर येतो. पाळी संपल्यावर व्हर्नियर पुसून डबीत ठेवणारा, कॉटन वेस्टनं कोपरापर्यंत हात पुसणारा माणूस मी रोज बघतो. अडीच हजार वर्षांहून जुन्या काव्यात तोच माणूस देव म्हणून उभा आहे. ऑलिंपसवरच्या सगळ्या देखण्या देवांत हा एकटा लंगडा, आणि देवांची घरं, शस्त्रं, दागिने यातलं बरंचसं त्यानंच घडवलेलं.

यातून उण्याचा प्रश्न निघतो आणि माझ्या मते चार प्रश्नांत तोच सगळ्यात महत्त्वाचा. कुठल्याही देवाचं काय हरवलंय, काय तुटलंय ते आधी बघा. उत्तर युरोपातले नॉर्स देव मला त्यासाठीच आवडतात. ओडिननं मिमिरच्या विहिरीतलं ज्ञानाचं पाणी पिण्यासाठी एक डोळा दिला. पण पोरांना मी आधी टायरची गोष्ट सांगतो. फेनरिर नावाचं लांडग्याचं पिल्लू देवांच्या घरात वाढत होतं. त्याला खायला घालायची हिंमत फक्त टायरमध्ये होती. पिल्लू वाढत गेलं तसे देव घाबरले. त्यांनी बुटक्या कारागिरांकडून एक बंध करवून घेतला. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी, या सहा वस्तूंचा. दिसायला रेशमी फितीसारखा मऊ. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला, कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा, मगच बांधून घेतो. सगळे देव एकमेकांकडं बघत राहिले. टायरनं उजवा हात पुढं केला. बंध तुटेना तेव्हा बाकीचे देव हसले. टायर हसला नाही, कारण त्याचा हात गेला होता.

खोलीतलं एक पोरगं विचारतं, “मामा, परत आला काय ओ त्याचा हात?” नाही आला. ‘नाही’ म्हणून मी थांबतो आणि पोरंही गप्प होतात. ज्या देवाला दिलेल्या शब्दाची किंमत मोजावी लागते आणि ती परत मिळत नाही, त्याच्याबद्दल पोरांच्या मनात जे तयार होतं ते कुठल्याही ताकदीच्या तक्त्यानं होत नाही. तुम्ही सांगाल तेव्हा शेवट गोड करू नका.

खाण्यापिण्याकडंही लक्ष ठेवा. आपल्याकडं नैवेद्यावरून देव ओळखता येतो: कुणाला पुरणपोळी, कुणाला दहीभात, कुणाला बकरं. परक्या देवाचंही ताट बघावं. थॉर हा नॉर्स लोकांचा विजेचा देव. त्याचा हातोडा थ्रिम नावाच्या राक्षसानं पळवला आणि तो म्हणाला, फ्रेया देवी बायको म्हणून द्या, मग परत करतो. तेव्हा थॉरलाच नवरी म्हणून नटवलं, डोक्यावरून पदर, गळ्यात फ्रेयाचा हार, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लोकी नावाचा लबाड देव करवली झाला. लग्नाच्या जेवणात नवरीनं अख्खा बैल, आठ सामन मासे आणि बायकांसाठी वेगळी काढलेली सगळी मिठाई संपवली, वर तीन पिंपं मधाची दारू. राक्षस चक्रावला. लोकी म्हणाला, तुमच्या ओढीनं बाईंनी आठ रात्री अन्नाला हात लावला नाही. हातोडा आशीर्वादासाठी नवरीच्या मांडीवर ठेवला आणि तिथंच लग्न संपलं. ही गोष्ट सांगताना जेवणाचा तपशील गाळला तर गोष्टच उरत नाही. आपल्या भीमानं कीचकाला अंधारात कसं गाठलं ते पोरांना माहीत असतं, ती स्वतःच जोड लावतात. तुम्ही लावून देऊ नका.

सोयऱ्यांचा प्रश्न बायकांना लवकर कळतो असं माझं निरीक्षण आहे. डिमिटर ही धान्याची ग्रीक देवी. पाताळाच्या राजानं, हेडिसनं, तिच्या मुलीला, पर्सेफोनीला, फुलं वेचताना पळवून नेलं. आई नऊ दिवस हातात मशाली घेऊन, न खाता न पिता, अंघोळसुद्धा न करता शोधत फिरली. मग म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस गावाच्या विहिरीजवळ जाऊन बसली. पाणी भरायला आलेल्या पोरींनी तिला घरी नेलं, तिथं तिनं परक्याचं बाळ सांभाळलं. पुढं तिनं पेरलेलं उगवूच दिलं नाही, आणि झ्यूसला नमावं लागलं. पण पर्सेफोनीनं खाली डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून तिला वर्षाचा एक तृतीयांश भाग सासरी आणि बाकीचा आईजवळ राहावं लागतं. आमच्या घरी ही गोष्ट भाद्रपदात सांगायचा रिवाज मी पाडलाय, गौर येते त्या दिवशी. पाणवठ्यावरून गौर आणायची, पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी पाठवणी. आमची अक्का गोष्ट ऐकून म्हणाली, “म्हंजे तिला निदान आठ म्हैने माहेर हाय की. आमच्या गौराईला तीनच दिस.” एवढी बारीक तुलना मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

तुलना मात्र ओळख झाल्यावरच करा. झ्यूस म्हणजे इंद्र, एथिना म्हणजे सरस्वती, अशी जोड्या लावायची घाई सगळ्यात घातक. एथिनाच्या हातात भाला आहे, ती युद्धाची देवी आहे आणि मागाचीही; सरस्वती म्हटलं की हे सगळं पुसलं जातं. तसंच एका गोष्टीची दोन रूपं सापडली तर एक खोटं ठरवायला जाऊ नका. इलियडमध्येच एका जागी झ्यूस हेफेस्टसला वरून फेकतो आणि तो दिवसभर खाली पडत पडत संध्याकाळी लेम्नॉस बेटावर आदळतो. दुसऱ्या जागी लंगडा म्हणून आईच, हेरा, त्याला टाकून देते. दोन्ही ठेवा. रेणुका माहूरचीही आहे आणि सौंदत्तीचीही, आपल्याला त्यात कधी अडचण आली नाही. गोष्ट कुणी, कधी लिहून ठेवली हेही बघावं. नॉर्स देवांना मानणाऱ्या आइसलंडनं ख्रिस्ती धर्म घेतला तो १००० सालाच्या सुमारास आणि तिथल्याच स्नोरी स्टुर्लुसननं नॉर्स देवांच्या गोष्टी नीट लिहून काढल्या त्या १२२० च्या आसपास. म्हणजे जुने देव ज्याला पुजायचे नव्हते, पण हरवूही द्यायचे नव्हते, अशा माणसाच्या हातून त्या आपल्याकडं आल्यात. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

ज्या देवांना आजही नारळ फुटतो, त्यांच्याबद्दल बोलताना आवाज बदला. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा ओगुन हा लोखंडाचा देव. देव पृथ्वीवर उतरत होते तेव्हा वाटेत घनदाट रान आडवं आलं आणि ओगुननं आपल्या लोखंडी कोयत्यानं वाट काढली. लोहार, शिकारी, आणि आता ड्रायव्हर आणि मेकॅनिकही त्याला मानतात. नायजेरियात त्याला मानणारे लोखंडावर हात ठेवून शपथ घेतात. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांबरोबर तो क्युबा-ब्राझीलला गेला आणि तिथंही टिकला. खंडेनवमीला आम्ही लेथ घासूनपुसून झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, दारात कोहळा फोडतो, त्या दिवशी कुणी मशीन चालू करत नाही. ओगुनची गोष्ट मी शॉपमध्ये त्या दिवशी सांगतो आणि कामगार ती मान देऊन ऐकतात. ‘पुराणकथा’ हा शब्द मी त्याच्यासाठी वापरत नाही, जसा यल्लम्मासाठी वापरणार नाही.

इजिप्तकडं जायचं तर ख्नुमपासून जा. मेंढ्याच्या डोक्याचा हा देव चाकावर मातीची माणसं घडवतो. खानापुरात, जिथं कौलं आणि मातीची भांडी होतात, तिथल्या पोरांना तो लगेच आपला वाटतो. मेल्यावर माणसाचं काळीज पिसाशी तोलण्याची गोष्ट त्यानंतर. रोमचे मोठे देव मला ओढत नाहीत, पण त्यांचे घरातले लारेस जरूर बघा, चुलीजवळच्या देवळीत बसून रोजच्या जेवणातला वाटा घेणारे.

एका वेळी एकच देवमंडळ घ्या आणि त्यातले तीन-चार देव पुरे. गोष्ट सणाला जोडून ठेवली तर विसरत नाही: पावसाळ्यात वीज कडाडताना थॉर, भाद्रपदात डिमिटर, नवमीला ओगुन, चंपाषष्ठीला मणी-मल्लाला मारणारा आपला खंडोबा, त्याच्या म्हाळसा आणि बाणाई या दोघींच्या भांडणासकट. बारक्या पोरांसमोर परशुरामाचा परशू आणि फेनरिरचे दात जरा लवकर आवरा. आठवी-नववीच्या पोरांना काहीच लपवू नका. नावं फळ्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहा, कारण फेनरिर आणि फ्रेया ऐकताना पहिल्या दिवशी सगळ्यांचा गोंधळ होतो.