आरोग्य धोरणात काम करायचंय? मग आधी टीएचओच्या (तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या) ऑफिसात बसा

बीडीएस, बीएएमएस, नाहीतर एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली हल्ली मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, पॉलिसीत जायचंय, कोणता कोर्स करू?" कोर्सचं उत्तर सोपं आहे, म्हणून आधी ते उरकते. आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे, मुंबईला टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, तिरुअनंतपुरमला अच्युत मेनन केंद्र आहे, दिल्लीला जेएनयूचं सामाजिक वैद्यक केंद्र आहे. कुठूनही करा. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र मात्र तिथेच पक्कं करून घ्या, कारण नोकरी लागल्यावर ते शिकायला कोणालाच वेळ मिळत नाही. मी दातांचा दवाखाना सोडून इकडे आले, तेव्हा घरच्यांना हे नेमकं काय काम आहे ते समजावता समजावता दमले. बऱ्याच दिवसांनी आईला एक वाक्य पटलं: "सरकारी योजना कागदावर चांगली असते, ती दवाखान्यात का पोहोचत नाही ते बघायचं."

हे बघायला पुण्यासारखी जागा नाही. याचं कारण इथल्या मोठ्या संस्था नव्हेत, इथला गुंता आहे. पुण्यात सरकारी दवाखाना म्हटलं की तो कोणाचा, हे आधी विचारावं लागतं. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचं. कमला नेहरू पुणे महापालिकेचं, वायसीएम पिंपरी-चिंचवडचं. पुणे, खडकी आणि देहूरोड कॅन्टोन्मेंटचे दवाखाने संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली, कामगार विमा रुग्णालय श्रम खात्याकडे. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, पण शेजारची अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. पहिल्या आठवड्यात एक मोठा कागद घ्या आणि कोणत्या दवाखान्यात पगार कोण देतं, औषध कोण देतं, बदली कोण करतं, हे तीन रकाने स्वतः भरा. भरताना तुम्हाला जे कळेल ते सत्राच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत कळत नाही.

याचा उपयोग कुठे होतो? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. पेपरात मथळा एका ओळीचा. पण ससून त्या निर्णयात येत नाही, कारण ते दुसऱ्या विभागाचं; महापालिकेचे दवाखानेही येत नाहीत. म्हणजे एकाच शहरात एकाच बाईला औंधला एक नियम आणि स्टेशनजवळच्या ससूनला दुसरा. तिच्या लेखी दोन्ही 'सरकारी'च. खिडकीवर जो क्लार्क बसतो त्याला हे रोज तोंडी समजावावं लागतं, आणि शिव्याही तोच खातो. असा निर्णय वाचला की मी तीन गोष्टी शोधते: कोणत्या संस्था यातून सुटल्या, जे पैसे येणं बंद झालं त्यातून आधी काय किरकोळ खर्च भागत होता, आणि गर्दी वाढली तर माणसं वाढणार आहेत का. हे तीनही प्रश्न निर्णयाच्या विरोधात नाहीत. निर्णय मला आवडलेलाच आहे, म्हणून तर विचारते.

दुसरं उदाहरण ताजं आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले. पाण्यावर संशय होता. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. प्रयोगशाळेला गावाबाहेर जावं लागलं नाही, राष्ट्रीय विषाणू संस्था इथेच. पण यातली काही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली होती. हद्द बदलली, पाण्याची व्यवस्था त्याच वेगाने बदलली नाही. रुग्ण आजारी पडला महापालिकेच्या हद्दीत, दाखल झाला खाजगीत, इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांचा खर्च हाताबाहेर, आणि त्याच वेळी काही रुग्ण ग्रामीण भागातले, काही पिंपरी-चिंचवडचे. अशा वेळी जो माणूस सगळ्यांच्या याद्या रोज संध्याकाळी एका फॉरमॅटमध्ये आणतो, तो त्या आठवड्यात साथ आटोक्यात आणण्याच्या कामाचा खरा सूत्रधार असतो, मग त्याचं पद काहीही असो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या, म्हणजे कमी पैशावर चालणाऱ्या, आरोग्य व्यवस्थेत काम करणाऱ्याच्या हातात पैसा, माणूस आणि औषध या तिन्ही गोष्टी एकत्र कधीच नसतात. तिघांचं कॅलेंडर वेगळं आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा, म्हणजे पीआयपी, आता दोन वर्षांचा असतो. मंजुरी दिल्लीहून येते, पैसा हप्त्याने येतो, आणि मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कुठे खर्च झाला त्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हलत नाही. कंत्राटी कर्मचाऱ्याचा करार 11 महिन्यांचा. औषध खरेदी 2017 पासून हाफकिन महामंडळाकडे होती, 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. तिथे मागणी गेल्या वर्षाच्या वापरावरून जाते. शिवाय जिल्हा नियोजनचा निधी वेगळा, जिल्हा परिषदेचा सेस वेगळा, पंधराव्या वित्त आयोगाचा (2021-26) आरोग्य अनुदानाचा पैसा आणखी वेगळा. मेडिकल ऑफिसर यातलं काहीच ठरवत नाही. उत्तर मात्र तोच देतो.

एका तालुक्यात बीपी-शुगर तपासणीची मोहीम होती, त्याची गोष्ट सांगते. व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) तारीख ठरली. आशांना गावं वाटून झाली. ग्लुकोमीटर आले एका कंपनीचे, पट्ट्या आल्या दुसऱ्या कंपनीच्या. बीपीच्या अम्लोडिपिन गोळ्या दोन केंद्रांत ढीगभर, बाकीच्यांत शून्य. टीएचओंनी काय केलं? आधी फार्मासिस्टना एकत्र बोलावून ई-औषधी या ऑनलाइन नोंदप्रणालीवरचा साठा आणि कपाटातला साठा समोरासमोर ठेवला. मग शेजारच्या तालुक्यातल्या टीएचओला फोन: "तुमच्याकडे या मीटरच्या पट्ट्या पडून आहेत ना? आमच्याकडे शॉर्ट एक्सपायरीच्या गोळ्या आहेत, घेता का?" दोन्हीकडच्या पावत्या तिथल्या तिथे करून घेतल्या. आणि तिसरं, जे मला सगळ्यात अवघड वाटतं: त्यांनी वर कळवून मोहीम पुढे ढकलली. "गोळी हातात नसताना बीपी सांगून माणसाला घरी पाठवायचं नाही," एवढंच म्हणाले. बोलणी बसली. पण मोहीम झाली तेव्हा पहिल्याच दिवशी रुग्ण औषध घेऊन गेले. नेतृत्वाच्या कार्यशाळेत आम्हाला फुगे आणि दोऱ्या देऊन खेळ खेळवतात. त्यापेक्षा अशा साहेबांच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेलं बरं.

शासन निर्णय वाचायला शिका, हे मी प्रत्येकाला सांगते. प्रस्तावना सगळे वाचतात. तुम्ही शेवटून सुरू करा. खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या कोणत्या खात्यातून, भागवायचा ते आहे का? वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचं मुख्य शीर्ष 2210. तिथून पुढचे आकडे कळायला लागले की निधी खरा आहे की नुसती इच्छा आहे, ते ओळखू येतं. वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक दिलाय का? आर्थिक भार असलेल्या निर्णयात ती ओळ नसेल तर जिल्ह्याच्या लेखा शाखेत फाइल अडणार हे धरून चाला. खाली संगणक सांकेतांक असतो, त्यात सुरुवातीला वर्ष, महिना आणि दिवस असतो, म्हणजे आपल्या हातातली प्रत जुनी तर नाही ना ते पटकन बघता येतं. आणि लेखापालांशी मैत्री करा. मी गंमत करत नाही. डॉक्टर मंडळी त्यांना 'अकाउंटवाले' म्हणून बाजूला ठेवतात आणि मार्चमध्ये त्यांच्याच टेबलासमोर रांग लावतात.

पुस्तकी चौकटी निरुपयोगी आहेत असं नाही. वॉल्ट आणि गिल्सन यांचा 1994 चा धोरण-त्रिकोण (आशय, संदर्भ, प्रक्रिया आणि मधोमध माणसं) परीक्षेला हमखास येतो, आणि फील्डवर गोंधळ झाला की मी अजून तोच काढून बसते. बाहेरच्या देशांचे अनुभव वाचताना मात्र एक सवय लावा: तिथला कर्मचारी कोणाच्या पगारावर आहे ते आधी बघा. इथियोपियाने 2003 पासून गावपातळीवर आरोग्य विस्तार कार्यकर्त्या नेमल्या, त्या पगारी. आपली आशा, साधारण 1000 लोकसंख्येमागे एक, कागदोपत्री स्वयंसेविका; तिला पगार नाही, मोबदला मिळतो. दोघींची तुलना करून "तिकडे जमतं, इकडे का नाही" असं लिहिणारे प्रबंध मी वाचलेत; हा एक फरक तळटीपेतही नसतो. नेपाळचं वेगळंच. 2015 च्या संविधानानंतर तिथे 753 स्थानिक सरकारं झाली आणि गावातली आरोग्य चौकी त्यांच्याकडे गेली. आपल्या ग्रामपंचायतीकडे उपकेंद्र खरोखर सोपवलं तर काय होईल, यावर पुण्यात बसून वाद घालणाऱ्याने तिकडचं जरूर वाचावं.

लोकांची बाजू शिकायची असेल तर पुणे जिल्हा पुन्हा सोयीचा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात 2007 मध्ये सुरू झाली, ती पाच जिल्ह्यांत, त्यात पुणे होता. राज्यभरचं समन्वयाचं काम पुण्याच्याच 'साथी' संस्थेकडे होतं. गावकरी स्वतः सेवांना हिरवा, पिवळा, लाल रंग देत आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलत. जुन्या जनसुनवाईला हजर असलेला कोणी भेटला तर त्याच्याशी निवांत बोला. तिथे एक अवघड गोष्ट दिसते: जाब विचारला जातो समोर बसलेल्या मेडिकल ऑफिसरला, आणि रिकामं पद भरायचा अधिकार असतो मुंबईत. लोकांचा राग खराच असतो, डॉक्टरची अगतिकताही खरी. आपल्यासारख्यांचं काम तक्रार योग्य टेबलापर्यंत नेण्याचं. आणि बाहेरून आलेलं फर्मान लोक कसं घेतात, हे पुण्याला 1897 च्या प्लेगपासून ठाऊक आहे; घरात घुसून केलेल्या तपासण्यांनी साथीपेक्षा मोठा संताप पेटवला होता.

नोकऱ्यांचं थोडक्यात. अभियानाच्या जिल्हा आणि राज्य कक्षात कंत्राटी जागा निघतात, संस्था आणि संशोधन गट आहेत, वढूला केईएमचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे, सल्लागार कंपन्या आता आरोग्याकडे वळल्यात. पहिली नोकरी शक्यतो अशी घ्या जिथे आठवड्यातून निदान दोन दिवस वेल्हे, भोर किंवा आंबेगावच्या पश्चिम भागात जावं लागेल. बाणेरच्या एसी ऑफिसात डॅशबोर्ड बनवण्याचं काम नंतरही मिळेल. कंत्राटाची अनिश्चितता खरी आहे. घरी हप्ते असतील तर ती गृहीत धरूनच उतरा, कोणी "सेवा" वगैरे म्हणत असेल तर त्यांच्या पगाराची स्लिप बघा.

मराठी टायपिंग शिकून घ्या, युनिकोडमधलं. इंग्रजी सादरीकरण साहेबांना आवडतं, पण टिपणी मराठीतच पुढे सरकते. आणि मासिक सभेचं इतिवृत्त लिहायचं काम कोणालाच नको असतं. ते मागून घ्या. कोणी काय कबूल केलं, कोणत्या तारखेपर्यंत, हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि सही झाली, की ते शब्द तुमचे राहत नाहीत, कार्यालयाचे होतात. पुढच्या सभेत विषय क्रमांक एक असतो मागील इतिवृत्त कायम करणे, आणि दोन असतो अनुपालन, म्हणजे ठरलेलं झालं का.