अक्षरं, आकडे आणि ३० सेकंद: या चुका टाळा

"आलं होतं की रं डोक्यात, लिहायचंच राहिलं!"

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बैठकीत हे वाक्य ऐकलं नाही असा रविवार नसतो. खेळ तोच, अक्षरं आणि आकडे, समोर घड्याळ. ब्रिटनमधे २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल ४ सुरू झालं, त्या दिवशी पहिला कार्यक्रम लागला तो ह्याच खेळाचा, काऊंटडाऊन नावाचा, आणि त्यांनी पण तो फ्रेंच टीव्हीवरनंच उचललेला. यूट्यूबवर त्याचे तुकडे बघून इकडं कार्डं कापून खेळणारे भेटतात, मोबाईलवर खेळणारे तर विचारूच नका. खेळतात सगळे, पण चुका ठरलेल्या, त्याच त्याच.

नियम माहीत नसतील तर पटकन सांगतो. अक्षरांच्या डावात नऊ अक्षरं मिळतात, ३० सेकंदात त्यातनं जमेल तेवढा लांब शब्द काढायचा. आकड्यांच्या डावात सहा आकडे आणि एक तीन आकडी टार्गेट, बेरीज वजाबाकी गुणाकार भागाकार करून तिथं पोचायचं. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा, सगळे वापरलेच पाहिजेत असं नाही, आणि मधे कुठंही अपूर्णांक आला नाही पाहिजे. बरोबर उत्तराला १० मार्क, ५ च्या आत आलात तर ७, १० च्या आत ५, आणि मार्क जो जास्त जवळ त्यालाच.

पहिली चूक म्हणजे एकदम बरोबर उत्तरालाच हात घालायचा

समजा आकडे आलेत ७५, २५, ८, ६, ४, ३ आणि टार्गेट ६२३. बरेच जण काय करतात तर ६२३ कडं टक लावून बसतात, ह्याला कशानं भाग जातो, सातनं जातो, ८९ येतात, मग ८९ कसे करायचे, असं करत करत वीस सेकंद गेले आणि कागद कोरा. अरे आधी जवळ तर जावा! ७५ गुणिले ८ म्हणजे ६००, त्यात २५ घातले, ६२५ झाले, हे कागदावर लिहा, ७ मार्क खिशात. आता शिल्लक काय, ६, ४, ३, आणि पाहिजेत फक्त दोन. ६ वजा ४. झालं, ६२३.

ह्यात डोकं लावण्यासारखं फार काही नाही, फक्त क्रम आहे, आधी हातात काहीतरी घ्यायचं आणि मग ते सुधारायचं. पण घड्याळ सुरू झालं की माणसाला कमीपणा वाटतो, ६२५ काय लिहायचं, आपल्याला ६२३ च पाहिजे. ह्या हट्टापायी जेवढे डाव गेलेत तेवढे गणित येत नाही म्हणून गेले नसतील.

स्पीड मॅथ्सच्या क्लासला जाणारी पोरं पण इथंच अडकतात आणि त्यांच्या आईवडलांना कळत नाही असं कसं काय. तीन आकडी गुणाकार तोंडावर करणारं पोरगं इथं गप्प. कारण क्लासमधे गणित देतात आणि उत्तर मागतात, इथं उत्तर दिलेलं असतं आणि गणित आपण शोधायचं असतं, सगळं उलटं. त्यांना संख्या फोडायची सवय लावा, रस्त्यानं जाताना गाडीचा नंबर दिसला की तो फोडायचा, एवढं पुरतं.

उलट जुन्या शाळेत शिकलेल्या आजोबा लोकांकडं एक हत्यार आहे आणि ते वापरत नाहीत. पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे! मोठे आकडे कुठले येतात, २५, ५०, ७५, १००. तेराची पाऊणकी किती, पावणेदहा. मग १३ गुणिले ७५ किती, पावणेदहाशे, म्हणजे ९७५. सतराची पावकी सव्वाचार, तर १७ गुणिले २५ म्हणजे सव्वाचारशे. आडवं गणित मांडायची गरजच नाही, कॅल्क्युलेटरला बटन दाबायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत येतंय. आमच्यातल्या एका मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "आयला, हे तर आम्ही चौथीत घोकलंय", आणि मग तासभर बाकी कुणालाच मार्क मिळाले नाहीत.

तो ९५२ वाला व्हिडिओ

हा बघून लोक बिघडतात असं माझं स्पष्ट मत आहे. काऊंटडाऊनच्या १९९७ च्या एका भागात आकडे होते २५, ५०, ७५, १००, ३, ६ आणि टार्गेट ९५२. खेळाडूनं काय केलं तर १०० मधे ६ मिळवून १०६, गुणिले ३ म्हणजे ३१८, त्याला ७५ नं गुणून २३८५०, त्यातनं ५० वजा करून २३८००, आणि २५ नं भागून ९५२. नाद खुळा, प्रश्नच नाही. त्यामागची युक्ती पण बघण्यासारखी आहे, ३१८ च्या तिप्पट ९५४, म्हणजे दोनच कमी करायचेत, तीन येतात ७५ भागिले २५ मधनं आणि दोन येतात ५० भागिले २५ मधनं, पण २५ तर एकदाच वापरता येतो, म्हणून भागाकार सगळ्यात शेवटी केला.

पण आता हे बघा. ७५ गुणिले ६ म्हणजे ४५०, भागिले ५० म्हणजे ९. १०० आणि ३, १०३. गुणिले ९, ९२७. अधिक २५, ९५२. आलं की! कुठं पाच आकडी संख्या नाही काही नाही. व्हिडिओ बघून आलेली पोरं चारही मोठे आकडे मागतात आणि २३८५० सारखं काहीतरी शोधत बसतात. सुरवातीला एक नाहीतर दोन मोठे घ्या, बाकी छोटे, छोट्यांनी शेवटची दुरुस्ती करता येते. चारही मोठे घेतले की हातात फक्त दोन छोटे राहतात आणि मग अंतर भरायचं कशानं.

एक आकडा दोनदा वापरणं ही सगळ्यात कॉमन चूक आणि उपाय सगळ्यात सोपा, वापरला की खोडा. मनात नाही, कागदावर खोडा. आणि नवीन तयार झालेला आकडा शेजारी लिहून त्याला गोल करा, म्हणजे आता आपल्याकडं नेमकं काय शिल्लक आहे ते एका नजरेत दिसतं. पेन्सिल नको, तिचं टोक नेमकं विसाव्या सेकंदाला मोडतं.

आता अक्षरं

इंग्रजीत खेळत असाल तर समजा ही नऊ आली: आर, ए, एन, जी, ई, टी, आय, एस, ओ. लगेच रेंज दिसतो, पाच अक्षरं, लिहून टाका. मग आय-एन-जी ही तीन बाजूला काढा आणि उरलेल्यांकडं बघा, आर, ए, ई, टी, एस, ओ. रोस्ट दिसला का? रोस्टिंग, आठ अक्षरं. शेपूट आधी कापायचं आणि मग धड शोधायचं, आय-एन-जी, ई-डी, ई-आर, शेवटचा एस, ही शेपटं आली की पहिलं काम ते. नऊ अक्षरी शब्द नवशिक्यांनी शोधायलाच जाऊ नये, त्याला १८ मार्क असतात म्हणून मोह होतो, पण त्याच्या मागं लागलेला माणूस सहा अक्षरी शब्द पण हातचा घालवतो.

आपल्याकडं मराठी मिडियमवाल्यांची अजून एक ठरलेली गडबड, उच्चारावरनं स्पेलिंग. रनिंग लिहिलं, एन एकच आलेला. बाबा रे, रनिंगला तीन एन लागतात! अक्षर डबल आहे का हे बोट ठेवून मोजा मगच सांगा, कारण शब्द चुकला तर थेट शून्य, अर्धे मार्क वगैरे नसतात.

पण खरी मजा आणि खरी भांडणं मराठी कार्डांवर. इथं चूक खेळताना होत नाही, खेळायच्या आधीच होते, कारण नियमच ठरवलेले नसतात. इंग्रजीचा नियम जसाच्या तसा मराठीला लावला की मात्रांची पण कार्डं करावी लागतात आणि मग नऊ कार्डात नुसते काने आणि वेलांट्याच हातात येतात. त्यापेक्षा मात्रा फुकट ठेवा, अनुस्वार पण फुकट, कार्डं फक्त व्यंजनांची. स्वर शब्दाच्या सुरवातीला लागतात म्हणून दोन-तीन स्वर-कार्डं करा, त्या कार्डाला अ म्हणा नाहीतर ऊ म्हणा, चालेल. घ, झ, ठ, ढ, ष एकेकच ठेवा. क, र, त, न, म, स, ल, प, व जास्त करा. जाड कार्डशीट महाद्वार रोडला स्टेशनरीत मिळतं, वहीच्या पुठ्ठ्याची केलीत तर पाठीमागनं ओळखू येतात आणि मग आज्जी डोळा ठेवून उचलते.

जोडाक्षराचं काय? साधा नियम ठेवा, जेवढी व्यंजनं तेवढी कार्डं. रफार म्हणजे र च. आता ही नऊ बघा: क, म, ल, र, स, त, व, ण, प. कमल सगळ्यांनाच दिसतो. सोमवार चार कार्डांचा, सरपण चार. समर्पण पाच, पण रफारात र लपलाय हे लक्षात आलं तरच. आणि कमलपत्र सहा कार्डांचा, कारण त्र म्हणजे त आणि र. तसंच क्ष म्हणजे क आणि ष, श्र म्हणजे श आणि र. ही जोडी डोळ्याला लागली की मराठीचा खेळ एकदम उघडतो.

मग कुणीतरी म्हणतंय, "सरपणात! पाच कार्डं!" आणि तिथनं अर्धा तास वाद. प्रत्यय लावलेला शब्द चालणार का नाही हे आधीच ठरवा. आमचा नियम, कोशात जसा दिलाय तसाच शब्द, प्रत्यय नाही, गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही. आणि कोश एकच धरा. मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात, मी दाते-कर्व्यांच्या बाजूचा आहे कारण त्यात गावाकडचे बोलीतले शब्द पण आहेत, पेठेतल्या माणसाचा शब्द पुण्याच्या माणसानं बाद केला असं तरी होत नाही. ल-ळ आणि न-ण वेगळे धरायचे. नायतर निकालच लागत नाही.

घड्याळाचे घोळ

मोबाईलच्या टायमरवर खेळताना नेमका फोन येतो, आवाज बंद होतो आणि मग "तुझं संपलं होतं", "माझं नव्हतं". फोन फ्लाईट मोडवर टाका आणि स्टॉपवॉच लावू नका, टायमरच लावा, स्टॉपवॉचकडं कुणीतरी एकानं बघत बसावं लागतं आणि तो माणूस खेळातनं गेला. अॅपवर खेळत असाल तर आकडा टाईप करायला जाणारा वेळ पण तुमच्या ३० सेकंदातच धरला जातो, म्हणून पंचविसाव्या सेकंदाला जे असेल ते टाकायला घ्या. पावसाळ्यात नेट जसं चालतं ते बघता ऑनलाईन मॅचपेक्षा ऑफलाईन मोड बरा.

वेळ संपल्यावर आधी आकडा सांगायचा, "सात अक्षरी", मग शब्द. एकदा सांगितलं की बदलायचं नाही. समोरच्याचं ऐकून "माझं पण सात" म्हणणाऱ्यांचा कागद बघायचा, एवढा कडकपणा पाहिजेच. खेळाच्या शेवटी एक कोडं असतं, नऊ अक्षरं उलटसुलट दिलेली, त्यांचा एक शब्द ओळखून बजर मारायचा. त्यात दोघा खेळाडूंना एकेकच संधी असते, अर्धवट दिसल्यावर बजर मारला आणि चुकला की उरलेला सगळा वेळ समोरच्याचा.

घरात लहानमोठे मिसळून खेळत असाल तर सगळ्यांना ३० सेकंद लावू नका, तिथं पाचवीतली पोरं दोन डावात कंटाळून उठतात. त्यांना ६० द्या, आकड्यांत टार्गेट १०० ते ३०० च्या मधलं ठेवा, आणि जिंकायला लागली की पाच-पाच सेकंदांनी कमी करत आणा. मोठ्यांपैकी ज्याला आपण लय भारी आहोत असं वाटतंय त्याला २० वर आणा, तो पण जरा वेळ शांत बसतो.