पुढची गाडी ब्रेक मारते, दिवा मागच्या गाडीचा लागतो

कॅम्परमागे, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे, छोटी गाडी ओढत न्यायची सवय लागल्यापासून मी तीन गाड्यांना दिव्यांचं वायरिंग केलं. पहिलं अक्षरशः उपटून टाकावं लागलं, दुसऱ्याने वर्षभर छळलं, तिसरं आजही बिनबोभाट चालू आहे. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं पहिल्या दोघांनी शिकवलेलं आहे.

काम तसं सरळ वाटतं. ओढली जाणारी गाडी कॅम्परचे मागचे दिवे झाकून टाकते. मागून येणाऱ्याला दिसतात ते फक्त तिचे दिवे, आणि तिच्यात तर कोणी बसलेलंच नसतं. म्हणजे कॅम्परमध्ये मी टेल लॅम्प (अंधारात मागे सतत पेटता राहणारा लाल दिवा) लावला, वळणाचा इशारा दिला किंवा ब्रेक दाबला, की तेच मागच्या गाडीच्या पाठीवर उमटायला हवं.

पहिल्या गाडीला मी काय केलं, तर कॅम्परच्या वायरी थेट गाडीच्या वायरींना जोडल्या. तांब्याला तांबं, वर टेप, झालं. संध्याकाळी दिवे लावून निघालो आणि मागच्या कॅमेऱ्यात बघतो तर रिकाम्या गाडीचा डॅशबोर्ड मस्त उजळलेला. पुढचे पार्किंग दिवे चालू, नंबर प्लेटचा दिवा चालू. डावा इंडिकेटर दिला तर मागचे दोन्ही लाल दिवे एकदम उघडझाप करायला लागले. थोड्या वेळात कॅम्परच्या टेल लॅम्पचा फ्यूज उडाला आणि अंधार झाला. मी दिलेला प्रवाह दिव्यापाशी थांबत नव्हता, वायरीतून उलटा गाडीभर फिरत होता. गाडी जुनी होती म्हणून निभावलं. आजकालच्या गाड्यांत त्याच वायरींच्या टोकाला कॉम्प्युटर बसलेला असतो आणि त्याला असा उलटा प्रवाह अजिबात सोसत नाही.

तेव्हापासून माझा एकच नेम आहे: दोन गाड्यांची वीज एकमेकींत मिसळू द्यायची नाही.

आधी दोन्ही गाड्यांची पद्धत ओळखा

वायरीला हात लावण्याआधी दोन्ही गाड्यांच्या मागे उभे राहा आणि कोणाला तरी ब्रेक व इंडिकेटर चालवायला सांगा. काही गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बवर असतात: ब्रेकला स्थिर पेटतो, वळताना लुकलुकतो. काहींत इंडिकेटर वेगळा, पिवळा असतो. उत्तर अमेरिकेतल्या कॅम्परमागच्या जोडणीत बहुधा पहिली पद्धत असते आणि त्यासाठी चार वायरी पुरतात: पांढरी अर्थिंगची (प्रवाह परत नेणारी), तपकिरी टेल लॅम्पची, पिवळी डावीकडच्या ब्रेक-इंडिकेटरची, हिरवी उजवीकडची. ब्रेकला वेगळी वायर नाही. तो पिवळ्या-हिरव्या दोन्हींतून एकदम येतो. युरोपातल्या सात पिनी सॉकेटमध्ये मात्र ब्रेकला स्वतःची लाल वायर असते.

दोन्ही गाड्या एकाच पद्धतीच्या असतील तर वायर ज्या त्या वायरीला जाते. कॅम्पर एकत्र पद्धतीचा आणि गाडी वेगळ्या पिवळ्या इंडिकेटरची असेल, तर सगळ्यात कमी कटकट म्हणजे पिवळे बल्ब सोडून द्यायचे आणि लाल ब्रेकच्या बल्बलाच डावी-उजवी वायर द्यायची. मग लाल दिवाच दोन्ही कामं करतो. लाल इंडिकेटर सगळीकडे चालत नाही, तेव्हा जिथून गाडी न्यायची तिथला नियम बघून घ्या. पिवळाच हवा असेल तर एकत्र इशारा वेगळा करणारा कन्व्हर्टर मिळतो.

रंगांवर मात्र आंधळा विश्वास नको. आधीच्या मालकाने काय उद्योग केलेत हे वायरीच्या रंगावरून कळत नाही. कॅम्परच्या सॉकेटची प्रत्येक पिन तपासा, आणि तीही व्होल्ट मोजायच्या नुसत्या मल्टिमीटरने नाही. गंजलेल्या, एका धाग्यावर टिकलेल्या वायरीवरसुद्धा मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो प्रवाह जवळपास खेचतच नाही. मी २१ वॅटच्या साध्या बल्बला दोन वायरी लावून टेस्टर केला आहे. तो झगझगीत पेटला तर पिन खरी. हा टेस्टर कॅम्परच्या सॉकेटपुरताच वापरा. गाडीच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या वायरींना तो लावू नका, तिथे मल्टिमीटरच बरा.

तीन वाटा

पहिली वाट, चुंबकाचे दिवे. गाडीच्या मागे चिकटवायचे, वायर टपावरून किंवा खालून पुढे न्यायची. एकदाच गाडी हलवायची असेल तर उत्तम. रोजच्याला नको. रंगावर ओरखडे पडतात आणि वायर वाऱ्यात फडफडते.

दुसरी वाट, डायोड. डायोड म्हणजे विजेचा एकतर्फी दरवाजा. बाजारात मिळणाऱ्या ठोकळ्याला तीन टोकं असतात: दोन आत येणारी, एक बाहेर जाणारं. गाडीची दिव्याकडे जाणारी वायर कापायची, गाडीकडचं टोक एका आत-टोकाला, कॅम्परची वायर दुसऱ्याला, आणि बाहेरचं टोक बल्बला. आता दोन्ही गाड्या तोच बल्ब पेटवू शकतात, पण एकीचा प्रवाह दुसरीत शिरत नाही. एका बाजूला टेल आणि ब्रेक मिळून दोन, म्हणजे एकूण चार ठोकळे लागतात.

इथे जागेची चूक फार जण करतात. गाडीच्या ब्रेकची वायर पुढून एकच येते आणि मागे कुठेतरी फुटून दोन बाजूंना जाते. डायोड त्या फाट्याच्या आधी बसवला तर डाव्या इंडिकेटरला उजवा दिवाही लुकलुकणार. म्हणून नेहमी दिव्याच्या होल्डरपासून वीतभर अंतरावर कापा. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. डायोड किमान ६ अँपिअरचा घ्या आणि पत्र्याला टेकवून बसवा, कारण तो तापतो. साध्या सिलिकॉन डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, त्यामुळे बल्ब किंचित मंद दिसतो.

गाडीचे मागचे दिवे एलईडीचे असतील तर डायोडच्या वाटेला जाण्याआधी थांबा. पुष्कळ गाड्यांत टेल आणि ब्रेक एकाच वायरीवर असतात आणि कॉम्प्युटर प्रवाहाचे झटके कमीजास्त करून उजेड ठरवतो. वायर कापली की डॅशबोर्डवर दिवा खराब झाल्याची सूचना झळकते.

तिसरी वाट माझ्या आवडीची: गाडीच्या टेल लॅम्पच्या खोळीत दोन फिलॅमेंटचा (आत दोन तारा असलेला, एक टेलसाठी, एक ब्रेक-इंडिकेटरसाठी) आणखी एक बल्ब बसवायचा आणि तो फक्त कॅम्परच्या वायरींवर चालवायचा. गाडीच्या वायरिंगला स्पर्शच नाही. मिसळायचा प्रश्नच मिटला.

त्यासाठी टेल लॅम्प काढा आणि मागून लाल भागात मोकळी जागा आहे का ते बघा. नव्या बल्बची काच पुढच्या प्लास्टिकपासून दोन बोटं तरी लांब राहायला हवी, नाहीतर ते वितळतं. भोक होल्डरच्या मापाचं, साधारण २५ मिलिमीटरचं पडतं. ड्रिल हळू चालवा. जोर दिला तर जुनं प्लास्टिक तडकतं, आणि तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. भोक पाडताना खोळ भोकाची बाजू खाली करून धरा म्हणजे कीस आत न पडता बाहेर येतो. तरी थोडा जातोच, तो हवेने उडवून काढा. होल्डरभोवती सिलिकॉन सीलंट लावून रात्रभर वाळू द्या. घाई केली तर पहिल्या पावसानंतर दिव्यात मत्स्यालय दिसेल.

वायर न्यायची कशी

सुरुवातीला गाडीच्या बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा. वायर मागून पुढे नेण्याचे दोन रस्ते: दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून आतून, किंवा चॅसीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) कडेने खालून. आतून नेलीत तर सीटखाली आणि उंबऱ्यापाशी पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे प्लग दिसतील. ते एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर वायर बांधायचीही नाही. खालून नेलीत तर सायलेन्सर आणि पेट्रोलची नळी यांपासून लांब ठेवा, वरून पन्हळी नळी चढवा आणि वीत-दीड वीत अंतरावर प्लास्टिक टायने बांधा. पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडं) हवाच.

दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते, अर्थिंगला मी अडीचची घेतो. कारण साधं आहे: बाकी वायरी आपापल्या दिव्याचा प्रवाह नेतात, परतीचा सगळा प्रवाह मात्र एकट्या अर्थिंगवरून येतो. ब्रेक आणि टेल एकदम लागले की तो चार अँपिअरच्या वर जातो.

जोड क्रिंपचे (सोललेल्या वायरीवर पकडीने दाबून बसवायचे) करा आणि त्यावर आतून डिंक असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी बसवा. वायर न सोलता चिमटीत दाबायचे ते झटपट जोड मी दुसऱ्या गाडीला लावले होते. आत पाणी शिरून वर्षभरात तांबं हिरवं पडलं.

पुढे सॉकेट बंपरखाली, झाकण असलेलं, तोंड थोडं खाली झुकलेलं असावं. पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. मधली केबल एवढी लांब हवी की काटकोनात वळतानाही ताणली जाऊ नये, आणि एवढी आखूड की रस्त्याला लागू नये. माप घ्यायला गाडी जोडून कॅम्पर खरोखर वळवून बघा.

अर्थिंग

दुसऱ्या गाडीची गोष्ट. तिलाही असेच वेगळे बल्ब बसवले होते. सगळं जोडलं, मुलगी कॅम्परच्या स्टिअरिंगवर बसली, मी मागे. डावा दे म्हटलं. डावा बल्ब लुकलुकला, पण मरतुकडा, निखाऱ्यासारखा. आणि तिनेच आरशात बघून ओरडून सांगितलं, “बाबा, कॅम्परचे टेल लॅम्प पण मिणमिणतायत!”

टेल लॅम्प तर बंद होते. मी बल्ब बदलले, प्लग साफ केला, वायरी पुन्हा मोजल्या. अंधार पडेपर्यंत हेच. शेवटी एक लांब वायर घेऊन गाडीचं अर्थिंग थेट कॅम्परच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं आणि डावा दिवा खाडकन पेटला. अर्थिंगच्या वायरीच्या टोकाचं गोल थिंबल मी पत्र्याच्या रंगावरच आवळलं होतं. परतीची वाट बंद, म्हणून डाव्या बल्बचा प्रवाह शेजारच्या टेलच्या फिलॅमेंटमधून तपकिरी वायरीत शिरून कॅम्परच्या टेल लॅम्पमार्गे घरी जात होता. चोरवाट सापडली की वीज ती सोडत नाही.

तेव्हा एकाचं बटण दाबल्यावर दुसरंच काही मिणमिणलं, तर आधी अर्थिंग बघा. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळा, मग वरून ग्रीस. ओढायच्या लोखंडी दांड्यातून अर्थिंग आपोआप मिळतं यावर विसंबू नका. गंज, ग्रीस आणि ढिल्या पिनांमुळे ते कधी लागतं, कधी नाही.

ब्रेकची एक गोम

ओढल्या जाणाऱ्या गाडीत पेडल दाबणारं जादा ब्रेकचं यंत्र बसवलं असेल तर ते पेडल दाबताच गाडीचे स्वतःचे ब्रेक दिवे पेटतात, कारण बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच चावी बंद असतानाही चालतो. डायोडच्या वायरिंगमध्ये याचा अर्थ असा, की ब्रेक मारत वळताना स्थिर लाल उजेड लुकलुकीला गिळून टाकतो आणि मागच्याला वळण कळतच नाही. यावर उपाय म्हणजे ब्रेक स्विचच्या वायरीत एक रिले (विजेने चालणारा स्विच): ओढताना गाडीचे ब्रेक दिवे तोडून ठेवायचे, कॅम्परचेच चालू द्यायचे. वेगळ्या बल्बच्या वाटेत लुकलुक चालूच राहते, तरी शेजारी स्थिर लाल दिवा असला की ती ओळखू येत नाही. मी तिथेही रिले लावला.

तपासणी

बॅटरी जोडा. कोणाला तरी कॅम्परमध्ये बसवून टेल, डावा, उजवा, ब्रेक हे एकेक करून बघा. मग मिश्रणं: टेल लावून डावा, ब्रेक दाबून डावा, ब्रेक दाबून उजवा, शेवटी सगळं एकदम. दोष नेहमी मिश्रणात सापडतो. त्यानंतर केबल काढून गाडीचे स्वतःचे दिवे लावा आणि पुढच्या सॉकेटच्या पिनांवर मल्टिमीटर धरा. एकाही पिनवर व्होल्ट दिसता कामा नयेत. दिसले तर एखादा डायोड उलटा बसलाय किंवा फुटलाय.

पहिल्या प्रवासात अर्ध्या तासाने थांबून केबल घासतेय का आणि प्लग कोमट झालाय का, तेवढं हात लावून बघून घ्या.